जास्तीचे शब्द

"ते अबाउट काढा."

मी मान वर केली. एसटीत माझ्या शेजारी बसलेला, मफलर कानापर्यंत गुंडाळलेला एक मुलगा माझ्या मांडीवरच्या वहीत खुशाल डोकावत होता. ओळख ना पाळख!

"काय काढू?"

"अबाउट. डिस्कसच्या पुढचा. डिस्कस म्हणजेच एखाद्या गोष्टीबद्दल बोलणं. अबाउट त्याच्या पोटातच आहे जी. आणखी बाहेरून कायले चिकटवता?"

"तुमाले कोणी विचारलं?"

"कोणीच नाही..." तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "पण चूक दिसली की हात शिवशिवते माझा."

असा संताप आला मला! मोहाडी मागे पडली, कापणी झालेल्या धानाच्या बांध्यांवर धुकं पसरलं होतं, कुठूनतरी ओल्या तणसाचा वास येत होता, आणि मी वही घट्ट मिटून बसले होते. भंडाऱ्याला उतरायच्या आधी मात्र हळूच उघडली आणि तो अबाउट खोडला. त्यानं पाहिलंच. हसला मेला.

तो अश्विन. तुमसरपलीकडच्या बपेऱ्याचा. बँकेची परीक्षा पास होऊन नेमणुकीची वाट पाहत होता, आणि तोवर भंडाऱ्याच्या एका क्लासमध्ये इंग्रजी शिकवत होता. मी त्याच परीक्षेसाठी रोज भंडाऱ्याच्या अभ्यासिकेत जायचे. गणित माझ्या हातचा मळ, पण इंग्रजी निबंधात दोनदा आपटले होते. कारण सोपं आहे. मी लिहिते तशीच बोलते, आणि बोलते म्हणजे... आई म्हणते, हर्षाले एक विचारा अन् दहा ऐका.

दुसऱ्या दिवशी बस आमच्या मोहाडीला थांबली तेव्हा गर्दी नुसती उसळली होती. खिडकीतून हात हलला. त्याच्या शेजारच्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल टाकलेला होता.

"कोणासाठी धरली जागा?" मी भोळेपणानं विचारलं.

"ज्यायचे अबाउट उरले आहेत, त्यायच्यासाठी."

मग रोजच तो रुमाल माझी वाट पाहायला लागला. मी लिहायचे, तो लाल पेनानं काढत जायचा. रीचच्या पुढचा टू गेला, ऑर्डरच्या पुढचा फॉर गेला. "क्रियापद आपल्या पायावर उभं आहे," तो म्हणायचा. "त्याले काठी कायले देता?" एकदा मी मुलींच्या शिक्षणावरच्या निबंधात लग्नाचं वाक्य लिहिलं. मुद्दामच लिहिलं, लपवायचं काय त्यात!

"मॅरीच्या पुढचा विथ काढा," तो म्हणाला.

"अवो, पण आपण माणसाशी लग्न करतो ना? तो 'शी' कुठं ठेवू मग?"

"इंग्रजीत नाही लागत. सरळ... माणूस."

"कोणता माणूस, सर?"

लाल पेन तसंच हवेत राहिलं आणि त्याचे कान मफलरबाहेर लालभडक झाले. वरठीचा थांबा येईपर्यंत तो पेनाचं टोपण लावत-काढत बसला. मला इतकं हसू येत होतं, आणि आत कुठंतरी गोड दुखतही होतं.

तीच तर खोड होती त्याची. बोलण्यातही जास्तीचं काही ठेवायचा नाही. डोळे भरभरून बोलायचे, माझ्या बाजूची काच गार वारा लागू नये म्हणून आपणहून बंद करायचा, पण तोंडातून काही निघेल तर शपथ.

आणि एक दिवस तो म्हणाला, "ऑर्डर आली. लाखांदूर. सोमवारी जॉइन व्हायचं आहे."

"आणि?" मी विचारलं.

"आणि..." तो रुमालाची घडी घालत राहिला. "आणि काही नाही. अभ्यास सोडू नको."

बस! एवढंच! मला वाटलं त्याच रुमालानं त्याचं तोंड दाबावं, नाहीतर त्यात आपलं तोंड लपवून रडावं.

त्यानंतर बस तीच होती, खिडकी तीच होती, आणि मला कशातच करमत नव्हतं. एका सकाळी खिडकीची सीट रिकामी मिळाली, तर मी शेजारी ओढणी टाकून ठेवली. सिंगाड्याची टोपली घेतलेल्या एका मावशीनं विचारलं, "कोणी येऊन राहिलं का बाई?"

"हो," मी म्हणाले. मग तिच्या टोपलीकडे पाहिलं आणि ओढणी उचलली. "नाही मावशी... बसा."

फोनवर त्याचे दोन-दोन शब्द यायचे. जेवण झालं? अभ्यास चालू? मी पानभर लिहायचे, त्यातलं जास्तीचं काढायचे, आणि शेवटी उरायचं ते फक्त "हो."

तेवढ्यात साकोलीचं स्थळ आलं. रविवारी सकाळी माझा नागपूरला पेपर आणि संध्याकाळी पाहुणे. बाबा, म्हणजे आमचे तेजरामजी, सरळ माणूस. म्हणाले, "तुह्या मनात कोणी असन तं पाहुणे यायच्या आधी सांग. मंग मी कोणाले नाही म्हणू शकत नाही." मी उगाच वह्या आवरत राहिले. सांगू तरी काय? ज्यानं कधी काही म्हटलंच नाही, त्याचं नाव कोणत्या तोंडानं घेऊ? शनिवारी अश्विनला कळवलं, "उद्या पेपर आहे. संध्याकाळी पाहुणे येत आहेत." बऱ्याच वेळानं उत्तर आलं, "ओके. ऑल द बेस्ट."

ओके! ठरवलं मग, साकोली तर साकोली.

रविवारी पहाटे तुमसर-नागपूर बस आली. मी आत चढले, आणि पाय तिथंच थबकले. खिडकीच्या सीटवर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता. शेजारी तो. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली.

"तुम्ही? लाखांदूर सोडून?"

"काल रात्री घरी आलो. पहाटेच तुमसरले येऊन बसलो, नाहीतर ही सीट भेटत नाही." त्यानं रुमाल उचलला. मी बसले. आणि मग तो बोलायला लागला... कसला बोलतो!

"हर्षा, मले असं म्हणायचं आहे की... म्हणजे लाखांदूर वाईट नाही. मालकीणबाई चांगली आहे, भाजी ताजी भेटते, खोलीले दोन खिडक्या आहेत, पण मी एकीजवळच बसतो, दुसरी रिकामीच ठेवतो, काहून ते मलेही माहीत नाही... नाही, माहीत आहे. बँकेतले लोक बोलतात, दिवसभर बोलतात, पण तुयासारखं कोणी बोलत नाही. तुये एवढे शब्द मी काढले ना, ते सगळे मले तिथं आठवून राहिले. काल ते ओके लिहायच्या आधी मी काय काय लिहून पुसलं... तू त्या पाहुण्यायले हो म्हणू नको. मी आहे. मले तू पाहिजे. म्हणजे तुही मर्जी असन तं... म्हणजे..."

त्याचा श्वास संपला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होते.

"सर, किती जास्तीचे शब्द!"

"हो ना... कोणते काढू?"

"एकही नको काढू," मी म्हणाले. त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हणाले.

वरठी यायच्या आत मी घरी फोन लावला. "बाबा, पाहुण्यायले येऊ नका म्हणा."

"काहून?"

एरवी मी किती लांबून सुरुवात केली असती! पण त्या सकाळी माझ्यापाशी एकच वाक्य होतं.

"मले अश्विन आवडते."

पलीकडे कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मागून आई विचारत होती, "काय म्हणते जी पोरगी?" मग बाबांनी घसा साफ केला. "बपेऱ्याचा मास्तर ना? दिवाळीपासून तुह्या तोंडून दुसरं नाव ऐकलं का मी? पहिले पेपर नीट लिही. अन् संध्याकाळी त्याले चहाले घेऊन ये, पोहे तं करायचेच होते."

फोन ठेवला. अश्विन माझ्याकडे पाहत होता, आणि त्या कडाक्याच्या थंडीत रुमालानं कपाळाचा घाम पुसत होता.

"काय म्हणाले?"

"चहाले ये म्हणाले," मी म्हणाले, आणि माझ्या बाजूची काच थोडी उघडली.