दोनशे चौऱ्याण्णव नंबरच्या बाई

"पंक्चरचं सामान?"

"घेतलं!"

"पाणी?"

"घेतलं!"

"डोकं?" काडीनं विचारलं.

"भोंग्याकडे ते मुळातच नाही, त्यामुळे विसरायचा प्रश्नच येत नाही!" प्रोफेसर म्हणाला आणि सायकलची घंटी वाजवून त्यानं स्वतःच्याच विनोदाला दाद दिली.

"ए, माझ्या डोक्याचं काढायचं नाही हं!" भोंगा ओरडला आणि समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. भोंग्याला हळू बोलणं जमतच नसे. तो कानगोष्ट करायला गेला, तरी ती चार घरांना ऐकू जाई.

सायकलनं थेट धरणापर्यंत जायचं, असा या तिघा शाळूसोबत्यांचा सुट्टीतला हा पहिला मोठा बेत होता, आणि तो आखला होता काडीनं. काडी तेरा वर्षांची. अंगानं नावाप्रमाणेच, हट्टानं मात्र चांगली जाडजूड. या बेतासाठी महिनाभर तिचं डोकं खाल्लं होतं ते तिच्या दहा वर्षांच्या बहिणीनं, बटणनं. आणि आज निघायच्या वेळी बटणचाच पत्ता नव्हता.

"पोट दुखतंय म्हणते," काडी म्हणाली. "काल दुखत होतं, परवाही दुखत होतं. जेवत नाही की खेळत नाही. थांबा, बघून येते."

ती वर गेली, तर बटण पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत अंग चोरून बसलेली. मांडीवर उशी होती आणि उशीच्या अभ्र्यात शाळेनं दिलेला टॅब लपवलेला होता.

"काय आहे त्यात? दाखव."

"नाही."

"मी रागावणार नाही गं."

"तू नाही रागावणार. बाई रागावतील!" एवढं बोलून बटण जी रडायला लागली, ती थांबेचना. काडीनं तिला फटीतून ओढून कुशीत घेतलं आणि टॅब उघडला.

शाळेच्या ॲपवर वाचनालयाच्या बाईंचे संदेश होते. त्यात नवल काहीच नव्हतं. बाई दर सुट्टीत पोरांना पुस्तकं सुचवायच्या. पहिले संदेश तसेच गोड होते. 'सुट्टीत काय वाचते आहेस?' मग, 'वाचनालयाच्या नव्या कार्डासाठी तुझा फोटो आणि घरचा पत्ता पाठव.' बटणनं दोन्ही पाठवलं होतं. मग, 'आई किती वाजता कामाला जाते? घरी दुसरं कोण असतं?' त्याचंही उत्तर तिनं शहाण्या मुलीसारखं दिलं होतं. त्यानंतर मात्र बाईंचा सूरच बदलला होता.

'ही आपल्या दोघींची गोष्ट. आईला किंवा ताईला सांगितलंस, तर तुझं नाव शाळेतून काढून टाकीन.'

'उद्या अकरा वाजता शाळेच्या मागच्या फाटकाशी एकटी ये. आली नाहीस तर मी घरी येईन. पत्ता आहे माझ्याकडे.'

काडीच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या बाईंच्या टेबलाशी बसून तिनं अर्धं वाचनालय वाचून काढलं होतं, त्याच या बाई!

खाली येऊन तिनं दोघांना टॅब दाखवला.

"आपल्या बाई?" भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"काही पुसू नकोस. उत्तरही देऊ नकोस," प्रोफेसर म्हणाला. त्याची थट्टा कुठच्या कुठे गेली होती. "आहे तसंच मोठ्या माणसांना दाखवायचं. आत्ता."

काडीची आई नर्स. ड्यूटीवर असताना तिचा फोन वॉर्डाबाहेरच्या कपाटात. तो वाजून वाजून बंद झाला. मग बटणला शेजारच्या काकूंच्या हवाली करून, दाराला आतून कडी लावायला सांगून, तिघांनी सायकली शाळेकडे दामटल्या.

सुट्टी असली, तरी कार्यालय उघडं होतं. मैदानावर खेळांचं शिबिर चालू होतं आणि पोरांना न्यायला आलेले पालक कडेच्या बाकांवर बसले होते. मुख्याध्यापकांच्या खोलीत हेडक्लार्क भाऊ निकालपत्रं लिहीत होते. भाऊंचं अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे! शाळेतली एकूण एक पाटी त्यांच्या हातची. फक्त त्यांचा एक मोती फुटका होता. भाऊ १ लिहिताना त्याला असा काही गोंडस पीळ द्यायचे, की तो थेट ९ दिसायचा. भोंग्याचा हजेरीपटावरचा नंबर अकरा, पण ओळखपत्रावर तो दिसायचा नव्याण्णव. चाळीस पोरांच्या वर्गात! शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं, की 'भाऊंचा नऊ बहुधा एकच असतो.'

मुख्याध्यापक सरांनी संदेश वाचले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. त्यांनी तडक वाचनालयाच्या बाईंना बोलावून घेतलं. बाई जवळच राहायच्या, पंधरा मिनिटांत हसत हसत आल्या.

"अरे वा! सुट्टीतही शाळा?"

सरांनी टॅब त्यांच्यापुढे सरकवला. बाईंनी वाचलं आणि खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"तुमचं नाव आहे. तुमचं खातं आहे," सर म्हणाले. "वाचनालयाच्या किल्ल्या ठेवा इथे. हातातला फोनही ठेवा. चौकशी होईपर्यंत शाळेत पाऊल टाकायचं नाही."

"सर, पण—"

"तुम्ही असं का केलंत?" काडी मध्येच ओरडली. "ती तीन दिवस जेवली नाहीये! तुम्हाला काय केलं होतं तिनं?"

बाईंनी किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, शेजारी फोन ठेवला आणि त्या दाराकडे वळल्या. एवढ्यात काडीनं टेबलावरून उचललेला टॅब थरथरला.

'आत्ता वाचलंस ना? मला दिसतंय. उत्तर का देत नाहीस? उद्या नको, आजच ये. चार वाजता.'

नाव बाईंचंच होतं, आणि बाई समोर रिकाम्या हातांनी उभ्या होत्या!

"सर!" काडीनं टॅब उंच धरला. "हे बघा! आत्ता आलाय!"

"आधी लिहून वेळ लावून ठेवला असेल. यंत्रांचं काय सांगावं?" सर पुटपुटले.

"शक्य नाही!" प्रोफेसरनं चष्मा सावरला. "आपण आत्ता टॅब उघडला, हे त्याला दिसलं म्हणून त्यानं लिहिलं. म्हणजे या मिनिटाला कोणीतरी दुसरंच बाईंच्या खात्यात बसलंय. भाऊ, कोण कधी आत शिरलं, याची नोंद तुमच्या संगणकात असते ना?"

भाऊंनी सरांकडे पाहिलं. सरांनी अडवलं नाही, म्हणून भाऊंनी नोंद उघडली. प्रत्येक शिक्षकाचा एक क्रमांक होता, बाईंचा दोनशे चौदा. तेरा दिवसांपूर्वी दुपारी बाईंच्या खात्यात कोणीतरी शिरलं होतं. पण त्याआधी मिनिटाभरात दोन प्रयत्न फसले होते.

"हे काय बुवा?" भाऊ चक्रावले. "क्रमांक दोनशे चौऱ्याण्णव, चूक. पुन्हा दोनशे चौऱ्याण्णव, चूक. मग दोनशे चौदा, बरोबर. अहो, दोनशे चौऱ्याण्णव नंबरचं कोणी माणूसच नाही आपल्याकडे!"

"आहे की!" भोंग्याच्या आवाजानं टेबलावरचा पेला खणखणला. "भाऊ, तो तुमचा एक आहे! त्यानं तुमचा एक नऊ म्हणून वाचला!"

भाऊंनी घाईघाईनं नोंद पुन्हा वाचली.

"शाळेतलं कोणी असतं, तर चुकलंच नसतं," काडी सावकाश म्हणाली. "बाईंना तर स्वतःचा नंबर पाठच असणार. हा बाहेरचा माणूस आहे. त्यानं भाऊंचं अक्षर बघून नंबर उतरवलाय. भाऊ, हे नंबर तुम्ही कुठे लिहिलेत?"

भाऊंनी बोट दाखवलं. त्यांच्या मागच्या कपाटाच्या दारावर प्लॅस्टिकच्या आवरणात एक सुंदर तक्ता चिकटवलेला होता. एकूण एक शिक्षकाचं नाव, क्रमांक आणि पासवर्ड. वर वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'गोपनीय'.

"शिक्षक सारखे विसरतात गं," भाऊ ओशाळून म्हणाले. "पण बाहेरचं कोणी इथे येत नाही. देवाशपथ!"

"यायची गरजच काय?" प्रोफेसर आपल्या फोनवर शाळेचं पान उघडून बसला होता. गेल्या महिन्यात भाऊंना सुलेखनाचं बक्षीस मिळालं होतं, त्याचा मोठा फोटो सरांनी हौसेनं तिथे लावला होता. बक्षीस हातात घेऊन भाऊ उभे होते, आणि त्यांच्या खांद्यामागे तो तक्ता! प्रोफेसरनं दोन बोटांनी फोटो मोठा केला. अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. अक्षर सुंदरच होतं ना!

भाऊ मटकन खाली बसले. बाईंनी डोळे मिटून घेतले.

"पोलिसांना बोलवा, सर," काडी म्हणाली. "अडीच वाजलेत. चारला तो येणार आहे."

"थांब जरा. घाई नको." सरांनी घाम पुसला. "आधी फोटो काढून टाकू, तक्ता काढू. वरिष्ठांशी बोलून मग उद्या बघू. शाळेच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"उद्या? आणि तो आज घरी गेला तर?"

सर खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. काडीनं भोंग्याकडे पाहिलं. भोंग्यानं टेबलाकडे पाहिलं. तिथे रोजच्या सूचना सांगायचा माइक होता, आणि त्याचा आवाज साऱ्या मैदानावर जायचा. भोंग्यानं खोकल्याचं सोंग केलं आणि माइकची कळ दाबली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची!" सर दरडावून म्हणाले. "शाळेतून पासवर्ड बाहेर गेले, ही गोष्ट या खोलीच्या बाहेर जाता कामा नये!"

'...जाता कामा नये!' मैदानावरचे चारही कर्णे गरजले.

शिबिराची शिट्टी वाजता वाजता थांबली. बाकांवरचे पालक उठून उभे राहिले. दोन मिनिटांत कार्यालयाच्या दाराशी वीसजण जमले, आणि कुठले पासवर्ड, कोणाचे, आमच्या पोरांचं काय, असा एकच गलका झाला.

सरांनी फोन उचलला.

साध्या कपड्यांतल्या एक पोलीस अधिकारी बाई दोन शिपायांना घेऊन सव्वातीनला आल्या. त्यांनी आधी बटणच्या घराशी माणूस पाठवला, मग काडीच्या आईला बोलावून घेतलं. "संदेश पुसले नाहीत, उत्तर दिलं नाही, हे फार शहाणपणाचं केलंत," त्या मुलांना म्हणाल्या. "आता एकानंही फाटकाकडे फिरकायचं नाही. ते काम आमचं."

काडीनं वाचनालयाच्या खिडकीतून पाहिलं. चारला पाच मिनिटं असताना मागच्या फाटकाशी एक माणूस आला. राखाडी शर्ट, नीट भांग, कोणाचाही काका शोभावा असा. हातात लहान मुलांचं नवं कोरं पुस्तक. आरडाओरडा नाही, पळापळ नाही. दोन शिपायांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलं आणि ते पुस्तक धुळीत पडलं. काडीला वाटलं होतं, तो पकडला गेला की आपण आनंदानं उड्या मारू. पण ती मागे सरकली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

चार शिक्षकांच्या नावांनी त्यानं अकरा मुलांना लिहिलं होतं. त्यातल्या एकाला तो आधी भेटूनही गेला होता. त्या मुलाबद्दल अधिकारी बाई जास्त काही बोलल्या नाहीत, आणि काडीच्या आईनंही पुढे विचारलं नाही. तिनं फक्त काडीचा हात इतका घट्ट धरला, की बोटं दुखली.

त्या संध्याकाळी भाऊंनी तो तक्ता कपाटावरून ओढून काढला. तो फाडायला गेले, तर प्लॅस्टिकमुळे फाटेचना. शेवटी कात्री घेऊन त्यांनी त्याचे बारीक बारीक तुकडे केले.

आठ दिवसांनी सभागृहात सगळ्या पालकांची सभा झाली. सगळ्यांचे पासवर्ड बदलले होते. सुट्टीत कुठलाही शिक्षक मुलांना एकेकट्याला लिहिणार नाही, असा नियम झाला होता. सरांनी तिघांना व्यासपीठावर बोलावलं. "या मुलांच्या हुशारीचा शाळेला अभिमान आहे!" ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आई पहिल्या रांगेत डोळे पुसत होती.

"सर," टाळ्या थांबल्यावर काडी म्हणाली, "वाचनालयाच्या बाईंना अजून कोणी काहीच म्हणालं नाही."

सरांनी हातातला कागद घडी करून खिशात ठेवला. मग बाई बसल्या होत्या त्या रांगेपर्यंत ते खाली उतरून गेले. "मी तुमचं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. माझं चुकलं," ते सगळ्यांसमोर म्हणाले.

सभा संपल्यावर काडीनं बाईंना जिन्यापाशी गाठलं. "बाई, मीसुद्धा तुम्हाला..."

"तू बरोबर केलंस," बाई म्हणाल्या. "असं काही दिसलं की सांगायचंच. खाली माझं नाव असलं तरी सांगायचं. कळलं?"

काडीनं मान हलवली. तेवढ्यात आईचा हात धरून बटण जिन्यावरून उतरत आली. बाईंना बघताक्षणी ती जागच्या जागी थिजली, आणि दुसऱ्या क्षणी आईच्या मागे दडली.

"अगं, बाईंनी नव्हतं लिहिलं ते! तुला सांगितलंय ना?" काडी म्हणाली.

"माहितीये," आईच्या पाठीमागून बटणचा बारीक आवाज आला. "पण भीती वाटते."

बाईंचा चेहरा असा झाला, की काडीला तिकडे बघवेना. किल्ल्या काढून घेतल्या तेव्हाही त्या अशा दिसल्या नव्हत्या.

"वाटू दे," बाई म्हणाल्या. "मी इथे बसते. घाई नाही कोणाला."

त्या शेवटच्या पायरीवर पाठमोऱ्या बसल्या. माणसं निघून गेली, शाळेच्या शिपायानं सभागृहाचे दिवे घालवले, तरी त्या वळल्या नाहीत. बऱ्याच वेळानं बटणनं आईचा हात सोडला. ती एक पायरी खाली उतरली आणि तिथेच बसली. मग आणखी एक पायरी उतरली.