निर्ढावलेली बाटली

२००५ सालच्या मे महिन्यात अक्षता कांबळे नुसती हवेत होती. राजारामपुरीतल्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत तिनं आपल्या सख्ख्या आत्याच्या, शेवंताबाईच्या, कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी बाटल्यांत जगवल्या होत्या. आईच्या माघारी हिला वाढवलं ते या आत्यानंच. आणि आता दवाखान्यातलं लाल औषध आत्याला लागू पडेनासं झालं होतं. काहीही करून अक्षताला आत्या वाचवायची होती.

बाटल्या दोन. एकीतल्या पेशी साध्या, गोल गरगरीत. लाल औषध घातलं की थेट केंद्रकात शिरायचं, खेळ खलास. दुसरीतल्या मात्र निर्ढावलेल्या. अंगानं पसरट, कडेला चुण्या, पोटात बारीक बारीक पिशव्या. औषध पिशवीत कोंडायचं आणि बाहेर भिरकावायचं. काय डोकं चालवतात बघा! अक्षताला सूक्ष्मदर्शकावरून उठवत नसे.

तिनं लाल औषधात पिशव्या फोडणारं द्रव्य मिसळलं आणि हे नवं मिश्रण निर्ढावलेल्या बाटलीत घातलं, त्याच दुपारी कुरुंदवाडहून आत्याचा फोन आला. तोंड कडूजहर झालंय म्हणाली. अक्षता हसली. योगायोग असतात माणसाच्या आयुष्यात.

मग दुसरंच सुरू झालं. मिश्रण घेऊन हात नुसता बाटलीजवळ नेला की आतल्या पेशी आकसायच्या. हात मागं घेतला की पसरायच्या. टेबल हलत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. जास्त विचार करायला वेळ कुणाला होता? मिश्रण लागू पडत होतं! पिशव्या फुटत होत्या, केंद्रकं लालभडक होत होती, आणि तिकडं आत्याची गाठ विरघळत होती. ते मिश्रण आत्याला कुणी दिलेलंच नव्हतं. डॉक्टर चक्रावले. अक्षता एकटीच खोलीभर नाचली.

आता बाटलीच्या तळाशी चिमूटभर पेशी उरल्या होत्या. त्या मेल्या की आत्या सुटली, एवढं तिला पक्कं कळलं होतं. कसं ते विचारायचं नाही.

तिनं मिश्रण भरून घेतलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. तो खांद्यानं कानाशी दाबून तिनं विचारलं, "आत्या, कसं वाटतंय?"

"लई हलकं वाटतंय बाळा. हरभऱ्याएवढी बी न्हाय राहिली गाठ."

अक्षताला रडूच फुटलं. तिनं बाटलीचं टोपण काढलं.

पलीकडं आत्या गप्प झाली.

"आत्या?"

आवाज आत्याचाच होता.

"ठेव की ते खाली. थोड्याच जणी उरलोय आमी."