बांगड्याच्या पाठीचा निळा

खट्... खट्.

कडी वाजली ती हळूच, झोपलेलं मूल उठू नये अशी. सासू सखू अजून जेटीवरून आली नव्हती, छोटी सानवी अंथरुणात लोळत पडलेली. दर्शनाने केस बांधत दार उघडलं.

दारात रूपेश होता. त्याच्या मागे रिक्षा, आणि रिक्षात संगणकाची पेटी नि चादरीत गुंडाळलेल्या दोन स्क्रीन, नटूनथटून लग्नाला निघालेल्या बहिणींसारख्या.

"एवढ्या सकाळी?"

"होड्या कधी लागतात ते तुम्हीच सांगितलंत ना, मॅडम."

ती सांगून बसली होती खरी. पण तो येईल असं... नाही, तसं तिला वाटलं नव्हतं.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. नवरा सूरज वारला त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दर्शना सानवीला झोपवून मोबाईलवर डिझाइन शिकत होती, त्याच तळहाताएवढ्या काचेवर चित्रं काढत होती. मिरकरवाड्यातल्या बायकांच्या गटाने तिला बांगड्याच्या लोणच्याचं लेबल दिलं. मोबाईलवर झकास दिसणारा बांगडा छापून आला तो जांभळट, आजारी. गटाच्या आनंदीबाई म्हणाल्या, "आणखी एकदा बघूया गो. नायतर मुंबईला देऊ काम." म्हणून दर्शना मारुती मंदिराजवळच्या दुकानात गेली, अभ्यासाला आणि डिझाइनला चालेल असा संगणक घ्यायला.

मालक लाल-हिरवे दिवे लुकलुकणारी पेटी दाखवत होता. तेवढ्यात काउंटरखालून आवाज आला, "दिवे गणपतीत लावा. पैसे स्क्रीनवर घाला."

मागोमाग डोकं वर आलं. केसांत जळमट. हातात पेचकस. हा रूपेश, दुकानातले संगणक जोडणारा.

"तुमच्या कामाला रॅम भरपूर हवी, आणि स्क्रीन खोटं न बोलणारी," तो म्हणाला.

"खोटं बोलते की नाही ते ओळखायचं कसं?"

"खरं काय ते आपल्याला ठाऊक असेल तरच."

दर्शनाने पिशवीतून कागदाचं पुडकं काढून काउंटरवर सोडलं. आत बांगडा. मालकाने नाकाला रुमाल लावला. रूपेश मात्र हसला नाही. त्याने बांगडा शेपटीला धरून एकेका स्क्रीनजवळ नेला.

"हा तर स्क्रीनपेक्षा फिका आहे, मॅडम."

"सकाळी नव्हता. जाळ्यातून निघाला की बघता बघता उतरतो रंग."

"म्हणजे उतरलेल्या रंगाला आपण स्क्रीन जुळवतोय..." त्याने बांगडा परत कागदात गुंडाळला. मग म्हणाला, "होड्या कधी लागतात?"

आणि आज तो इथे, ओटीवर, वायरींच्या गुंत्यात बसला होता. त्याच्या बोटांकडे बघायचं नाही असं दर्शनाने ठरवलं... आणि बघत राहिली.

सखू आली, लुगड्याचा काठ ओला, हातात पाणी ठिबकणारा बांगडा. तिने रूपेशला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"हाच काय गो तो बांगडेवाला?"

"आई..."

"हो मावशी, मीच," रूपेश म्हणाला.

"बघा काय बघायचं ते, नि लगेच द्या. तवा ठेवतेय."

दर्शनाने खिडकी उघडली. कोवळं ऊन आत आलं आणि बांगड्याच्या पाठीवर पडलं. दोघंही पुढे झुकले. निळा म्हणावा तर हिरवा, हिरवा म्हणावा तर त्यात काळ्या लाटा, जणू पाण्याने जाता जाता आपली सही केलेली. आणि कडेला सोनं... बोटावर घेतलं तर लागेल असं. जन्मभर हा मासा तिने चिरला होता, तळला होता. पाहिला मात्र आज.

रूपेशने मासा सुरू केलेल्या दोन्ही स्क्रीनच्या मध्ये धरला. "उजवी," दोघं एकदम म्हणाले.

मग त्याने तिचं चित्र उघडलं. तळहातावरचा बांगडा हातभर झाला. प्रत्येक खवला, शेपटीचा प्रत्येक काप समोर उभा. आणि चुकलेला निळाही, लपायला जागा नसलेला.

"हे... मी काढलंय?"

"तुम्हीच."

माऊस हलवत तिने निळा खाली आणला, हिरवा चढवला, पुन्हा माशाकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. उलथनं हातात घेऊनच सखू मागे येऊन उभी राहिली. वाकून बघितलं.

"हा ताजा हाय," ती म्हणाली. आयुष्यभर मासळी विकलेल्या बाईचा शब्द. दर्शनाने श्वास सोडला.

मासा तव्यावर गेला. सखूने काही न विचारता रूपेशचंही ताट मांडलं. सानवी डोळे चोळत येऊन त्याच्याच शेजारी बसली.

"स्क्रीनचे रंग कायम राहत नाहीत," काटे काढता काढता तो म्हणाला. "महिन्याने पुन्हा जुळवावे लागतात."

"महिन्याने?"

"काम नेमकं हवं असेल तर... आठवड्याने."

"आणि बांगड्याचा हंगाम संपला की?"

"मग पापलेट."

"पापलेटला कसला आलाय रंग?"

"तेच तर. बघत बसावं लागेल बराच वेळ."

दर्शनाने हसू पदरात लपवलं. चुलीजवळ सखू उगाचच खोकली.

डावी स्क्रीन चादरीत गुंडाळून तो उठला. उंबऱ्यावर जरा थांबला. "इतकी वर्षं स्क्रीन जोडतोय. काय बघायचं ते आज कळलं." आणि मग, पहिल्यांदाच मॅडम न म्हणता, "येतो... दर्शना."

तिला 'या' म्हणायचं होतं. तिने नुसता पदर सावरला. सखूने तव्यावरचा हात थांबवला.

सानवीने आधी ओटीवरच्या संगणकाकडे बघितलं, मग रिक्षाकडे.

"आई, हा आपल्याकडेच राहिला ना? मग जोडणारे काका का चाललेत?"