एकेचाळीस अंश

घंटा वाजली तेव्हा तिने नुकते कुठे डोळे मिटले होते.

"बारा मिनिटं झाली, मॅडम. पाय बाहेर काढा."

गरम झऱ्याच्या कुंडात गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसलेल्या बाईला असं उठवणाऱ्या माणसाबद्दल जे जे वाटावं, ते सगळं तिला वाटलं. कुंडाचा रखवालदार समोर उभा. पँट दुमडलेली, केस वाफेने ओले, गळ्यात दोरीला बांधलेला थर्मामीटर.

"पाय माझे, सुट्टी माझी. तुम्हाला कसली घाई?"

"पाणी एकेचाळीस अंश आहे. जास्त बसलं की उठताना लोकांना चक्कर येते, मग मला उचलावं लागतं."

"मी उचलून घेणाऱ्यातली नाही."

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला... आणि हसला. हसला, तिथेच घोळ झाला.

ती वजनमापं तपासणाऱ्या खात्यात होती. अकरा वर्षं दुकानदारांचे काटे तपासून शिक्के मारत आलेली. घरात सगळे तिला 'तराजू' म्हणत. "स्थळंसुद्धा तोलून परत पाठवते," असं मावशी चारचौघांत सांगे. आता त्याच मावशीच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी दोघी डोंगरावरच्या या विश्रामगृहात चार दिवस आल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी घंटा तेराव्या मिनिटाला वाजली.

"आज तेरा का?"

"भांडणाऱ्यांना एक मिनिट जादा."

ती चिडली. संध्याकाळी पुन्हा गेली, पुन्हा भांडली. मावशी शेजारी पाय हलवत आकाशाकडे बघत बसली.

तिसऱ्या दिवशी मात्र तिच्यातली तपासनीस जागी झाली. "द्या इकडे," म्हणत तिने त्याच्या गळ्यातला थर्मामीटर काढून घेतला आणि स्वयंपाकघरातल्या उकळत्या पातेल्यात धरला. त्र्याण्णव.

"उकळतं पाणी शंभर अंश असतं," सगळ्या पाहुण्यांसमोर तिने सुनावलं. "हे यंत्र सात अंश कमी दाखवतं. म्हणजे तुमचं कुंड अठ्ठेचाळीसचं. माझी मावशी काय उकडायला आली आहे?"

"अहो, पण इथे—"

"मध्ये बोलू नका."

असं तीनदा झालं. मग तिने नोंदवहीत रीतसर तक्रार लिहिली, खाली हुद्द्यासकट सही ठोकली. मालकाने कुंडाला कुलूप लावलं आणि त्याला सांगितलं, उद्या धबधब्याच्या वाटेवरचा दोर बांधून दे, मग हंगामभर येऊ नकोस.

"गुडघ्यांसाठी एवढा घाट चढून आले," मावशी म्हणाली, "आणि तू कुंडालाच कुलूप घातलंस. धन्य आहे बाई तुझी."

निघायच्या दिवशी न्याहारीला बटाटे आले, ते कच्चेच. मावशीने काटा टोचून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काय करू, काकू," आचारी म्हणाला. "एवढ्या उंचावर पाणी लवकर उकळतं, पण तेवढं तापत नाही. शाळेत शिकवतात की."

तिने हातातला घास ताटात ठेवला. शाळेत शिकवतात. खात्याच्या परीक्षेतही विचारतात, आणि तिला त्यात पैकीच्या पैकी होते.

"आता कुठे निघालीस? बाराची गाडी आहे," मावशी ओरडली. ती नोंदवही काखेत मारून केव्हाच वाटेला लागली होती.

तो धबधब्यापाशी होता. निसरड्या वाटेला धरायचा दोर बांधत होता. तुषारांनी शर्ट चिंब.

"माझं चुकलं," ती लांबूनच म्हणाली.

"काय? पाण्याच्या आवाजात ऐकू येत नाही."

"चुकलं म्हणते."

"जरा जवळ येऊन सांगा."

दगड शेवाळलेला होता. त्याने हात पुढे केला. दोर होता की धरायला... तरी तिने हातच धरला. त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते, आणि ते मोजण्याचा मोह तिला का व्हावा, याचाच तिला वैताग आला.

"उंचीचा हिशेब धरायला विसरले. यंत्र बरोबर आहे. तुम्ही सांगितलं का नाही?"

"तीनदा सांगायला गेलो." तो म्हणाला, "आणि... आत्ता तुमचं पहिलं 'चुकलं'च ऐकू आलं होतं."

तिने हात सोडवून घ्यायला हवा होता. तिने नोंदवही त्याच्या हातात कोंबली. तक्रारीवर आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं : यंत्र अचूक. चूक तपासनिसाची. कुंड आजच उघडावं, रखवालदारास कामावर ठेवावं.

"हे मालकांना दाखवा. येताना मी बोलले आहे त्यांच्याशी. आता मी जाते, गाडी—"

"थांबा. तपासलेल्या यंत्राची मुदत किती असते?"

"वर्षभर. मग पुन्हा तपासावं लागतं."

त्याने तिच्या खिशाला लावलेलं पेन विचारून घेतलं आणि वहीत लिहिलं : यंत्र जुनं आहे. याच तपासनीस बाईंनी दर महिन्याला येऊन तपासावं.

तिने वाचलं. पुन्हा वाचलं. नियमात असं कुठेच नव्हतं.

"महिनाभर... मी नाही थांबणार," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तिने पेन ओढून घेतलं, 'महिन्याला' खोडलं आणि वर लिहिलं, 'रविवारी'. मग खाली सही केली, या वेळी हुद्दा न लिहिता.

वरून मावशीची हाक आली. "झालं असेल तोलून, तर त्याला म्हणावं कुंड उघड. गाडी संध्याकाळीही असते."