बोगनवेलीची कळशी

प्रेम ही या जगातली सर्वांत निर्मळ गोष्ट आहे. तिच्यात शंकेला तिळाएवढी जागा नसते. दोन जीव पहिल्या नजरेतच एकमेकांवर डोळे मिटून विश्वास टाकतात. तापीने लोटनला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातात विळा होता, आणि तिला तो केळीचोर वाटला.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. चौतीस सालचा श्रावण, भुरभुर पाऊस, तापी नदीच्या काठचं शेत, आणि बांधावर ओणवा झालेला एक माणूस. दिसत होता तो फक्त मागून. मागून माणसाची सचोटी ओळखणं कठीण असतं.

"कोन शे रे? केळीना मुनवे चोरी ऱ्हायना का?"

केळीच्या बुडाशी फुटणारी पिल्लं, म्हणजे मुनवे, चोरीला जाणं त्या काठावर नवं नव्हतं. माणूस सरळ झाला. बाविसेक वर्षांचा, उंच, नाकाच्या शेंड्यावर चिखल.

"चोरी नही. लावी ऱ्हायनू," तो म्हणाला, आणि पुरावा म्हणून त्याने हातातल्या काड्या पुढे केल्या. बोटाएवढ्या जाड, वाळक्या, काटेरी.

तापीने त्या नीट पाहिल्या. "हाई ते सरपन शे."

"फुलं येतीन याले. बोगनवेल शे. नंदुरबार टेसनवर भिंतभर शे... देखशी ते डोळा दिपतीन."

"सरपनले फुलं?"

"येतीन."

"कोनी दिधं?"

"गजरानी," तो म्हणाला, आणि पुन्हा खाली वाकला.

तापीने विळा खाली केला, पण संशय वर केला. चोर काही ठेवून जात नसतो, हे तिला पटलं होतं. आता प्रश्न एवढाच होता, की ही गजरा कोण?

लोटन लहानपणापासून विसरवाडीला मामाकडे वाढला होता. वडिलांची नजर गेली म्हणून त्या वर्षी तो शेत सांभाळायला परत आला. त्याच्या शेताचा आणि तापीच्या वडिलांच्या, म्हणजे रतिलालच्या शेताचा बांध एकच. दोन्ही घरं एकाच गुजर जातीची, एकाच देवाची, आणि त्या बांधापायी तीन पिढ्या न बोलणारी. बांध दर पावसाळ्यात आपल्याकडे सरकतो, असं दोन्ही घरांचं ठाम मत होतं. एकच बांध दोन्हीकडे कसा सरकेल, हे कुणी विचारलं नव्हतं, कारण विचारणारा नक्की समोरच्याचा माणूस ठरला असता.

वर्षभरात काड्या रुजल्या. तापी गवत कापायला बांधावर यायची. गवत तिथे फार नव्हतं. लोटन वेलीच्या आळ्यातले दगड वेचायला यायचा. तेही फार नव्हते. दोघं आपापल्या बाजूला उभी राहून वेलीविषयी बोलायची, कारण दुसऱ्या कशाविषयी बोलायला निमित्त नव्हतं. तो म्हणायचा, हिला ऊन लागतं, सावली चालत नाही. ती म्हणायची, फुलं कुठं आहेत? तो म्हणायचा, येतील. मग दोघं थोडा वेळ गप्प राहायची... आणि ते गप्प राहणंच दोघांना जास्त आवडायचं.

शनिवारी मात्र लोटन कपाशीची गाडी घेऊन नंदुरबारला सरकी काढायच्या जिनात जायचा. ती गजरा तिथलीच असणार, म्हणून तापीला त्या दिवशी जेवण गोड लागायचं नाही.

पुढच्या दिवाळीपर्यंत वेल खांद्याएवढी झाली. पानं दाट, काटे बोटभर, फूल एकही नाही. तेव्हा ती रतिलालच्या नजरेत आली.

रतिलाल हा मनाने वाईट नव्हता. तो फक्त कशावरही विश्वास ठेवत नसे. दूधवाल्यावर, पंचांगावर, घरच्या मांजरीवरसुद्धा. त्याने वेलीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं: हे झाड नाही, हे कुंपण आहे. फुलाचं नाव सांगून काटे पुढे ढकलायचे, काट्यामागून बांध, आणि बांधामागून लोटन.

पंच बसले. पंचांत प्रमुख गावचे पाटील भिलाबापू. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या, तंबाखू मळली, आणि निवाडा दिला. फुलझाड बांधावर चालेल. काटेरी कुंपण चालणार नाही. होळीपर्यंत फूल आलं तर वेल राहील. नाही आलं तर ती उपटायची, आणि रतिलालने स्वतःच्या खर्चाने तिथे पुरुषभर उंच दगडी पौळ घालायची.

रतिलाल खूश झाला. बांधापलीकडे उभ्या असलेल्या लोटनने तापीकडे पाहिलं. तापीने मान खाली घातली. पुरुषभर उंच पौळ म्हणजे काय, हे दोघांना त्याच क्षणी कळलं होतं. तिच्यावरून गवत दिसत नाही, दगड दिसत नाहीत, आणि नाकावर चिखल लागलेला माणूसही दिसत नाही.

तापी केळी पिकवणाऱ्या घरात वाढली होती. त्या घरात मायेचा एकच अर्थ होता. केळी पिवळी पडली, पाणी द्या. गाय व्याली, पाणी द्या. मोटेवरचा गडी चक्कर येऊन पडला, पाणी द्या. कुणी रडलं तर सरलाबाई, म्हणजे तिची माय, आधी तांब्या पुढे करायची आणि मग कारण विचारायची. तापीने फार विचार केला नाही. दुपारी रतिलाल पडवीत आडवा झाला, की ती पाटातून कळशी भरायची आणि वेलीच्या बुडाशी ओतायची. एक कळशी. मग दोन. ज्या दिवशी लोटन जरा उदास दिसला, त्या दिवशी तीन.

वेल बहरली. म्हणजे पानांनी. हिरवी, ताजी, टवटवीत, आणि फुलाच्या बाबतीत रतिलालच्या बाजूची.

लोटनला घाम फुटला. गजराने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: थंडीत पाणी तोड, माती तडकू दे, वेल घाबरली की फुलेल. त्याने दिवाळीपासून एक थेंब घातला नव्हता. हे गुपित त्याने तापीलाही सांगितलं नव्हतं. मुलगी चांगली, पण ती रतिलालची, सकाळी सांगितलं तर संध्याकाळी बापाला कळायचं. आणि तरी बुडाशी माती ओली होती. म्हणजे कुणीतरी गुपित जाणणारा मुद्दाम पाणी घालून वेल नासवत होता. असा कपटी मेंदू गावात एकच होता.

पौषात एका दुपारी तो तुरीच्या ओळीत लपून बसला. रतिलालला कळशीसकट पकडायचं, भिलाबापूंपुढे उभं करायचं, असं त्याने ठरवलं होतं. पावलं वाजली. पैंजणही वाजले. रतिलाल पैंजण घालत नसे.

तापी वेलीपाशी बसली. कळशी कलती केली. आणि वेलीला म्हणाली, "पी माय, पी. फुल लवकर. नही ते आबा तुले उपटी टाकतीन... मंग मी त्याले कसं देखू?"

तुरीच्या शेंगा खुळखुळल्या. लोटन उभा राहिला होता. कळशी तिरकीच राहिली आणि उरलेलं पाणी तिच्या पायावर सांडलं.

"तू?" तो म्हणाला.

"तू लपीसन बठना व्हता?"

"माले वाटनं, तुन्हा आबा शे. वेल मारी टाकी ऱ्हायना."

"मी मारी ऱ्हायनी?" तिचे डोळे भरून आले. तिने सांगितलं, रोज येते, ऊन असो की थंडी, पाटातून भरून आणते, कुणाला कळू देत नाही. त्याने मान डोलावली आणि सांगितलं, की म्हणूनच फूल येत नाही. हिला तहान लागू द्यावी लागते.

तापीने कळशी सरळ केली. मग तिने आधी हे का नाही सांगितलं, असं विचारलं. तो पायाने ओली माती उकरू लागला. तिला उत्तर कळलं, आणि तिने तोंड फिरवलं.

"तू माले आबानी हेर समजना?"

"...थोडी."

"आनि ती गजरा कोन शे? तिले सगळं सांगस, माले नही."

लोटन गोंधळला. मग त्याला हसू यायला लागलं, आणि तिचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं. "टेसननी माळीन शे ती. साठ वरीसनी. तोंडमा दोनच दात शेत."

तापीने विचार केला. "दोन ते शेत ना," ती म्हणाली.

पण तिच्या ओठांचा कोपरा हलला होता, आणि तो त्याने पाहिला. त्याने पुढे होऊन तिच्या हातातली कळशी घेतली. म्हणाला, ही आता माझ्याकडे राहील. तुझा भरवसा नाही, तुला दया येईल.

"आनि माले तहान लागनी ते?"

"मंग फुलशी," लोटन म्हणाला, आणि स्वतःच्या धिटाईने इतका घाबरला की कळशी काखेत मारून तुरीतून सरळ घराकडे गेला.

पुढचे पाच आठवडे अवघड गेले. माती तडकली. पानं गळली. वेल दिसायला केविलवाणी झाली. तापी रोज यायची आणि रिकामे हात मागे बांधून उभी राहायची. तिला वाटायचं, लोटन मला खेळवतो आहे. लोटनला वाटायचं, गजरा मला खेळवते आहे. घरी सरलाबाई कळशी शोधत होती. तापीने सांगितलं, नदीत वाहून गेली. सरलाबाईने मान डोलावली आणि मोलकरणीवर, दोन शेजारणींवर आणि एका गोसाव्यावर पाळत ठेवली.

माघ संपता संपता वेलीच्या शेंड्यांवर रंग फुटला. आधी एक ठिपका, मग चार, मग सगळा बांध राणी रंगाचा. लोटनने एक झुबका खाली ओढून तिच्यापुढे धरला. रंगीत पानांच्या आत, दाण्याएवढं, पांढरं काहीतरी उमललं होतं. "फूल हाई शे," तो हळूच म्हणाला. "बाकीना नुसता थाटमाट." त्याच्या बोटात काटा रुतला होता. तिने तो नखाने काढला, आणि काटा निघून गेल्यावरही बोट लगेच सोडलं नाही.

होळीच्या आदल्या दिवशी, डोंगरातले मजूर काठी गावच्या होळीला निघून गेल्यावर, पंच बांधावर आले. रतिलालने वेल पाहिली. नाक पुढे करून वास घेतला. दुसऱ्या झुबक्याचा घेतला. मग त्याचा चेहरा उजळला.

"वास नही," तो म्हणाला. "कागद शे. पतंगना कागद चिटकाडेल शे."

भिलाबापूंनी एक पाकळी चुरगळली. खरंच कागदासारखी वाजली. त्यांनी बोट ओलं करून रंग जातो का पाहिलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. लोटनच्या तोंडून शब्द फुटेना, कारण गजराने त्याला सगळं शिकवलं होतं, पण पंचांपुढे बोलायला शिकवलं नव्हतं.

तेव्हा तापी बांधावर चढली. बापासमोर, पाच पंचांसमोर तिने झुबका हातात धरला आणि पानं उघडली.

"आबा, हाई फूल नही. फूल आत शे. देखा."

सात डोकी एकाच झुबक्यावर वाकली. पांढरं फूल शांतपणे उभं होतं. भिलाबापूंनी चष्मा लावला, काढला, आणि फूल मान्य केलं.

रतिलाल मात्र फुलाकडे पाहत नव्हता. तो मुलीकडे पाहत होता. "आत काय शे," त्याने विचारलं, "हाई तुले कसं म्हाईत?"

तापीने मातीकडे पाहिलं. लोटनने आभाळाकडे पाहिलं. पंचांनी तंबाखू काढली. रतिलालचा संशय जन्मात पहिल्यांदाच खरा निघाला होता, आणि त्याला त्याचा आनंदही घेता येईना.

त्याने तीन दिवस बांधावरून येरझारा घातल्या. चौथ्या दिवशी त्याने अट घातली: सोयरीक होईल, पण आधी बांध मोजायचा. बांध मोजला. तो तीन पिढ्यांत चार बोटं सरकला होता, लोटनच्या बाजूला. रतिलालने मोजणीच्या साखळीवर संशय घेतला, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुपारी फोडली.

सुपारी फुटली त्या दुपारी लोटन बांधावर आला. आदल्या शनिवारी नंदुरबारहून परतताना आठ कोस बैलगाडीत बसून त्याने मनात भाषण जुळवलं होतं. तो म्हणाला, तू नसतीस तर ही वेल म्हणजे सरपणच होती. तो म्हणाला, मी तुझ्यावर संशय घेतला, आता जन्मात घेणार नाही. तो म्हणाला, माझ्या आत जे काही पांढरं, खरं आहे, ते फक्त तुलाच दिसलं... इथे भाषण संपलं. वाऱ्याने दोनचार रंगीत पानं तिच्या पदरावर येऊन पडली. तापीने ती झटकली नाही. मान खाली घालून, काठाशी चाळा करत, ती सगळं ऐकत होती.

"तू कायतरी बोल ना," तो म्हणाला.

"मांगू ते देशी?"

"जीव मांग."

तापीने मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, आणि इतकी माया, की लोटन एक पाऊल पुढे आला.

"मन्ही कळशी तेवढी दे," ती म्हणाली. "माय रोज इचारस."