खोड सांगणारा दलाल

केशरबाईला आदल्या रात्री झोप म्हणून लागली नव्हती. कोंबडा आरवायच्या आधीच तिनं घागर, तवा, काथवट, दोन वाकळा असं सगळं बांधून टाकलं. सासू उठून बघते तर सून अंगणात बैलगाडीपाशी उभी! सासू म्हणाली, "बीडला निघालीस का काशीला?" केशरबाई नुसती हसली. त्या दिवशी तिला कुणी शिवी दिली असती तरी ती हसलीच असती.

आणि का हसू नये? नेकनूरच्या त्या घरात एका चुलीवर पाच जावा. धाकटी म्हणून केशरबाईच्या वाट्याला शेण, पाणी आणि दळण. लग्नाला वर्षं लोटली, पण भाजीत मीठ किती टाकायचं हे बिचारीनं एकदाही ठरवलं नव्हतं. आता तिच्या नवऱ्याला, रामहरीला, बीडच्या करोडगिरी नाक्यावर शिपायाची नोकरी लागली होती. मालाच्या गाड्या अडवायच्या, जकात भरली की सोडायच्या. निजाम सरकारची नोकरी, थट्टा नव्हे! केशरबाईला पाचवा महिना होता. लेकरू आपल्या घरात, आपल्या चुलीच्या उबेला जन्मावं, एवढंच तिनं खंडेश्वरीला मागितलं होतं.

पण सासू पक्की. "घर आजच्या आज मिळालं तर ऱ्हा तिथं. न्हाई तर ह्याच गाडीत माघारी ये. पोटुशी बाई मी धर्मशाळेत ठिवणार न्हाई." गाडी हाकायला दीर होता, शहादेव. त्याला दिवस मावळायच्या आत नेकनूर गाठायचं होतं. म्हणजे जे काय व्हायचं ते दुपारपर्यंत.

बीडात उतरल्या उतरल्या दोन दलाल भेटले. पहिल्यानं घराची अशी तारीफ केली की जणू नवाबाची हवेली. जाऊन बघितलं तर माळवदातून आभाळ दिसत होतं. दुसऱ्याची जीभ पहिल्याहून गोड. रामहरीनं त्याला वाटेतूनच रामराम केला. रामहरीचा बाप पाटोद्याच्या बाजारात बैलांचे सौदे करून म्हातारा झालेला, त्याची शिकवण पोराच्या हाडात मुरली होती.

"दलाल कसा वळखायचा ठावं हाय का?" तो बायकोला म्हणाला. "जो नुसती तारीफ करतो त्याचा बैल बसका निघतो. जो आपल्या तोंडानं खोड सांगतो, त्याचा बैल डोळे झाकून घ्यावा."

"आवो, पर आपल्याला घर बघायचंय. बैल न्हाई."

"दलाल तो दलालच. बैलाचा काय अन् घराचा काय."

बैलाची खोड फार तर शिंग मारते, लाथ मारते. घराची खोड काय करते, ते बाजारात कुणी शिकवत नाही हो.

बिंदुसरेच्या काठी, लिंबाच्या सावलीत तिसरा दलाल बसला होता. बंकट त्याचं नाव. हडकुळा, वय सांगता येऊ नये असा. धूळ सगळ्यांच्या घोट्यापर्यंत चढलेली, पण या गड्याच्या पायाला मातीचा ठिपका नव्हता. केशरबाईला वाटलं, शहरातली माणसं, राहतात नीटनेटकी.

"घर हाय," बंकट हळू आवाजात म्हणाला. "पर आधी खोडी सांगतो. मागली भिंत वलीनं फुगलीय. आडाचं पाणी मचूळ हाय. अन् चूल हाय, ती विझत न्हाई."

केशरबाई खुदकन हसली. "ही बी काय खोड झाली?"

"बाई, मी सांगायचं काम केलं."

रामहरीनं बायकोकडं बघून भुवई उडवली. बघ, म्हणालो नव्हतो? माणूस लाखात एक!

शहादेवला गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबवलं आणि तिघं आत निघाली. ऊन असं रटरटत होतं की कुत्रंसुद्धा दिसेना. केशरबाई चालत कसली होती, उडत होती. तुळस कुठं ठेवायची, पाळणा कुठं टांगायचा, सगळं तिचं वाटेतच ठरत होतं. घराच्या शेजारी ओट्यावर एक बाई सुपात जवारी पाखडत बसली होती.

"आत्याबाई, आमी तुमच्या शेजाराला येतोय बरं का!" केशरबाईनं लांबूनच हाळी दिली.

बाईचं सूप थांबलं. तिनं केशरबाईकडं पाहिलं, रामहरीकडं पाहिलं. "तुमाला हितं कोण घिऊन आलं, माय?"

"हे काय, ह्या दलालानं आणलं."

बाईची नजर केशरबाईच्या बोटामागून गेली, बंकट उभा होता तिथं आली, आणि तिथं न थांबता पलीकडच्या भिंतीवर जाऊन टेकली. मग ती उठली. अर्धी जवारी ओट्यावर सांडली, ती तशीच टाकून आत शिरली आणि आतून कडी घातली. ह्या बाईचं दलालाशी काही तरी वाकडं दिसतंय, अशी केशरबाईनं स्वतःची समजूत घातली. एरवी ती अशी भोळी नव्हती हो. पण हौस माणसाला आंधळं करते.

घर मात्र ऐसपैस होतं. नुकत्याच सारवलेल्या शेणाचा वास, गारवा, आणि आतून येणारा धुराचा वास. बंकट उंबऱ्याबाहेरच राहिला. "आत जुनी भाडेकरीण हाय. आज निघायचीय. बाई, तुमी चूल बघून घ्या. आमी सौदा बोलतो." आणि त्यानं बैलबाजारातल्यासारखं उपरण्याखाली हात पुढं केला. रामहरीनंही उपरण्यात हात घातला, बोटांची बोली सुरू झाली. इतक्यात तो बायकोकडं वळून पुटपुटला, "हात लई गार हाय गं ह्याचा..."

"सावलीत बसल्याला माणूस तो," केशरबाई म्हणाली आणि आत पळालीसुद्धा.

स्वयंपाकाच्या खोलीत अंधार होता. चुलीपुढं एक बाई पाठमोरी बसली होती, पदर पार पुढं ओढलेला. चुलीतला जाळ मंदावत चालला होता.

"निघालाव का काकू?" केशरबाई म्हणाली. "सामान न्हाई दिसत तुमचं."

"आता निघंन..." आवाज कोरडा, लांबून आल्यासारखा. "तेवढं जाळाचं बघती का, माय? माझ्यात दम न्हाई ऱ्हायला..."

आता सांगा, आपल्याकडची कोणती बाई विझती चूल नुसती बघत उभी राहील? हात धुवायचं विसरेल, पण फुंकायचं विसरणार नाही. आणि ही तर तिची चूल होणार होती, तिची स्वतःची! केशरबाईनं फुंकणी उचलली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर घातली. जाळ भसकन वर आला. अगं बाई, काय आनंद झाला तिला! उजेडात तिनं चुलीत डोकावलं. लाकडं लालभडक होती. पण चुलीत राख नव्हती. चिमूटभरसुद्धा नाही. चुलीवर काही शिजतही नव्हतं.

चुलीपुढची ती भाडेकरीण उठली. उठताना तिचे गुडघे कडाकडा वाजले. "किती दिसांनी उठले गं..." ती म्हणाली आणि दाराकडं चालू लागली.

केशरबाई उठायला गेली. अर्धवट उभी राहते तोच चुलीतला जाळ बसला, आणि तिचाही श्वास घशात बसला. डोळ्यांपुढं काजवे आले. ती मटकन खाली आली, धडपडत फुंकणी तोंडाला लावली. जाळ उठला तसा श्वासही आला. पुन्हा उठून पाहिलं, पुन्हा तेच.

"आवो!" तिनं हाक मारली. तोंडातून आवाज निघालाच नाही, नुसता धूर निघाला.

बाहेर रामहरी विचारत होता, "कसं हाय घर? आवडलं का?"

आणि अंगणातून उत्तर आलं. केशरबाईच्याच आवाजात, तिच्याच लाडिक हेलात. "न्हाई वो... मला न्हाई पसंत. चला आपल्या नेकनूरला."

"आगं, सकाळपासून तर नाचत होतीस! आता कावून तोंड वाकडं?"

"धूर लई हाय आत. जीव घाबरा होतो."

"पसंत न्हाई तर न्हाई," बंकट शांतपणे म्हणाला. "जबरदस्ती न्हाई. तुमच्याकडून मला काय बी नको. माझी दलाली पोचली."

मग रामहरीची पावलं आत आली. केशरबाईचं काळीज उसळलं. आला, माझा धनी आला! तो दारात थांबला, अंधारात डोळे बारीक करून त्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं दोन्ही हात पुढं केले, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि तोंडातून तेवढा धूर. रामहरीनं नजर खाली घेतली, परक्या बाईसमोर माणूस घेतो तशी.

"येतो, बाई. तरास दिला तुमाला," तो अदबीनं म्हणाला आणि वळला.

उघड्या दारातून तिला अंगण दिसत होतं. तिचंच हिरवं लुगडं, तिचीच चाल. रामहरी हात धरून तिला उंबऱ्यावरून उतरवत होता. "सावकाश, पोटुशी हायस. पळू नको." ती खळखळून हसली.

केशरबाईनं हात आपल्या पोटावर ठेवला. गेलं का लेकरू? तेही नेलं का तिनं? बराच वेळ काहीच कळेना. मग आत हालचाल झाली, पहिल्यांदाच. एक ठोसा, चांगला जोरकस. लेकरू होतं. तिच्याजवळच होतं. त्या चुलीपुढं, तशाही अवस्थेत, तिला आनंदानं रडू फुटलं.

आणि त्याच क्षणी बाहेरून रामहरी हर्षानं ओरडला, "आगं, हाललं! हाताला लागलं माझ्या! शहादेवा, आरं, लेकरू हाललं!"