सतरा सेकंद

समोरचा चहा निवून त्यावर साय धरली होती आणि शर्वाणीला यंत्राचा राग येत होता. यंत्र म्हणजे ‘हातओळख’. दिग्दर्शकाचे जुने माहितीपट पाहून त्याचा हात, म्हणजे शैली, ओळखायची आणि नव्या चित्रणाचं संकलन त्याच हातानं करून द्यायचं, हे त्याचं काम. हल्ली सगळेच ते वापरत. शर्वाणीनं त्याला आपले अकरा लघुपट दाखवले होते. स्वतःची अशी शैली तिला या फिल्ममध्ये तरी सापडायला हवी होती, कारण फिल्म आईवर होती. आईला जाऊन दोन महिने झाले होते. पुन्हा चित्रीकरण होणं शक्य नव्हतं.

आई, म्हणजे सुलभाताई, तरुणपणी कराडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. परगावचे ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. पलीकडचा माणूस घाबरून गप्प झाला, की म्हणायच्या, “बोला तुम्ही, मी आहे लाईनवर.” शेवटच्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचेच शब्द अडायला लागले. आत असायचे, पण बाहेर यायला फार वेळ घ्यायचे.

हातओळखनं दहा मिनिटांची फिल्म दाखवली. चटपटीत, नेटकी, कुठे रेंगाळणं नाही. पण तिच्यात आई जवळजवळ बोलतच नव्हती.

“आईचं बोलणं कुठे गेलं?” शर्वाणी उखडली.

“तुमच्या शैलीत चार सेकंदांहून लांब शांतता नसते,” यंत्र अदबीनं म्हणालं. “त्यांना एका शब्दाला सरासरी सतरा सेकंद लागतात. शिवाय त्यांचे बहुतेक शब्द तुम्हीच बोलला आहात.”

“काहीतरीच काय!”

यंत्रानं मूळ चित्रण लावलं.

“आई, पहिला कॉल कुणाचा जोडलास गं?”

“ह... ह...”

“हॉस्पिटलचा ना? बरं, मग पुढे?”

दुसऱ्या दिवशीचं चित्रण, तिसऱ्या दिवशीचं. सगळीकडे तेच. आईचे ओठ हलायला लागले, की कॅमेऱ्यामागून शर्वाणीचा आवाज. आपण आईला मदत करतोय, असं तिला तेव्हा मनापासून वाटायचं. आता ऐकताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“जे टाकून दिलंस ते दाखव,” ती म्हणाली.

एका तुकड्यात दाराची बेल वाजली. “आलेच हं,” म्हणून शर्वाणी उठली आणि कॅमेरा बंद करायला विसरली. आई एकटीच, समोर रिकामी खुर्ची. ओठ हलत होते. वीस सेकंद गेले, पन्नास गेले. आईनं हात कानाशी नेला, एक्स्चेंजमध्ये हेडफोन नीट बसवत असेल तसा. दोन मिनिटं होत आली तेव्हा तिला शब्द सापडले.

“शरू... बोल तू. मी... आहे... लाईनवर.”

मग शर्वाणीचा आवाज आला, “काही म्हणालीस का?” आईचे ओठ पुन्हा हलले. “असू दे गं, दमलीस तू,” असं म्हणून शर्वाणीनं कॅमेरा बंद केला होता.

शर्वाणीला रडू आवरेना.

“हा तुकडा तुमच्या शैलीत बसत नाही,” यंत्र म्हणालं. “काढलेलाच ठेवू?”

तिला बोलायचं होतं, पण आवाज फुटत नव्हता. चार सेकंद झाले.

“हो म्हणायचंय ना?” यंत्रानं तिच्याच घाईनं विचारलं. “बरं, मग पुढे?”

“थांब.” ती कशीबशी म्हणाली. “मला... वेळ लागेल.”

“किती वेळ?” यंत्रानं विचारलं.